पुरे म्हणण्याची विद्या

आपल्या घरांतून मुलांना लहानपणीं पुष्कळ गोष्टी म्हणावयास शिकवितात. शुभंकरोति शिकवितात, पाढे शिकवितात, पाहुणे आले म्हणजे ‘या, बसा’ म्हणावें हेंहि शिकवितात. परंतु ‘पुरे’ हा शब्द केव्हां आणि कसा म्हणावा, हें कोणी शिकविल्याचें माझ्या ऐकिवांत नाहीं. जेवणाच्या पानावर तो ऐकूं येतो खरा. पण तेथेंहि त्याला फारशी किंमत नसते. ‘पुरे’ म्हणणाऱ्याच्या पानांत आणखी एक जिलबी पडते, आणि त्याला आपण आग्रह म्हणतों. पानावरून उठल्यावर तर हा शब्द बायकांच्या तोंडीं क्वचितच येतो. आणि आलाच, तर तो चिडून किंवा डोळ्यांत पाणी आणून म्हटलेला असतो.

न चिडतां आणि वेळेवर ‘पुरे’ म्हणण्यास मी वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षीं शिकलें. तें शिक्षण मला ब्राझिलियन जिउ-जित्सु नांवाच्या मल्लविद्येच्या वर्गांत मिळालें.

माझ्या जाऊबाईंची मुलगी कॉलेजांत शिकते. तिनें पुण्यांतल्या एका वर्गांत नांव घातलें. वर्ग रात्रीं साडेनऊला सुटे. तेव्हां सोबतीला कोणीतरी जावें, अशी घरच्या वडील मंडळींनीं अट घातली. शाळेचे पेपर कोठेंहि बसून तपासतां येतात, म्हणून ही सोबत माझ्या वांट्यास आली. मीं भिंतीशीं बसून बीजगणिताचे पेपर तपासावे, आणि समोर वीस-पंचवीस मुलामुलींनीं गाद्यांवर लोळावें, असा क्रम दोन महिने चालला. पुढें पेपर संपले, पण माझें पाहणें कांहीं संपलें नाहीं. त्या लोळण्यांत एखाद्या सिद्धांतासारखी रीत होती; एक पायरी चुकली कीं पुढची हातीं येत नसे. एके दिवशीं शिक्षक म्हणाले, “काकू, नुसतें बघून हें येत नाहीं. उतरा गादीवर.” मी उतरलें.

ही वार्ता घरीं पोंचली तेव्हां सासूबाई म्हणाल्या, “अगं, मुलीचें वय आहे, तिचें ठीक आहे. तुला परक्या माणसांशीं झोंबाझोंबी कशाला हवी?” प्रश्न गैर नव्हता. या विद्येंत अंगाला अंग भिडतें, स्त्रीपुरुष एकाच गादीवर शिकतात, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. “महिनाभर जाऊन पाहतें, आई,” एवढेंच मीं म्हटलें. यजमान वर्तमानपत्रांतून डोकें वर न काढतां म्हणाले, “हात मोडून घेऊं नकोस, म्हणजे झालें.”

या विद्येचा प्रवास मोठा मौजेचा आहे. १८८२ सालीं जिगोरो कानो या तरुण जपानी शिक्षकानें टोकियोंतील एका बौद्ध मंदिरांत आपली शाळा काढली, आणि जुन्या जुजुत्सु विद्येला नवें वळण देऊन ज्युदो हें नांव दिलें. तेथें तयार झालेला मित्सुयो माएदा हा मल्ल देशोदेशीं कुस्त्या करीत १९१४ सालीं ब्राझीलमध्यें पोंचला, आणि पुढें ॲमेझॉनच्या मुखाजवळ बेलें शहरीं स्थायिक झाला. कार्लोस ग्रेसी नांवाच्या तेथल्या तरुणाच्या हातीं ही विद्या आली. त्यानें ती आपल्या भावांना दिली. त्यांतला एलिओ अंगानें किरकोळ. अंगांत बळ थोडें असेल तर तरफेचें बळ वापरावें आणि घाई न करतां वाट पाहावी, हा या घराण्याचा बाणा झाला.

सासूबाईंची शंका ब्राझीलच्या सरकारलाहि आली होती, हें मला मागाहून कळलें. स्त्रीच्या प्रकृतीला न मानवणारे खेळ तिनें खेळूं नयेत, असें फर्मान तेथें १९४१ सालीं निघालें. १९६५ सालीं निषिद्ध खेळांची यादी झाली, तींत सर्व तऱ्हेच्या कुस्त्या आल्या. ही बंदी १९७९ मध्यें उठली, आणि १९९० सालीं इव्होने दुआर्ते ही या विद्येंत काळा पट्टा मिळविणारी पहिली स्त्री ठरली. हें मीं घरीं सांगितलें, तेव्हां सासूबाई क्षणभर थांबून म्हणाल्या, “म्हणजे तिकडेहि सासवा होत्याच म्हणायच्या!” त्या दिवसापासून त्यांचा विरोध मवाळ झाला.

आपल्या मातींतल्या कुस्तींत पाठ जमिनीला लागली कीं सामना आटोपला. गडी चीत झाला. जिउ-जित्सूंत पाठ लागल्यावर खऱ्या अभ्यासाला आरंभ होतो. उताणें पडलेल्यानें आपले पाय प्रतिस्पर्ध्याच्या कमरेभोंवतीं गुंफून त्याला अडकवावें. या पवित्र्यास ‘गार्ड’ म्हणतात, आणि त्यांतून खालचा माणूस वरच्याला जिंकूं शकतो. एखाद्या स्त्रीवर प्रसंग गुदरलाच, तर ती बहुधा खालींच असणार. तेव्हां खालीं पडल्यावर सर्व संपतें असें न मानणारी विद्या स्त्रियांच्या किती उपयोगाची, हें निराळें सांगावयास नको.

पहिले कित्येक दिवस मीं एकच गोष्ट केली. कुशीवर वळून, पायानें गादी रेटून, कंबर मागें सरकवावयाची. शरीर आंखडतें आणि उलगडतें, म्हणून या चालीला इंग्रजींत ‘श्रिंप’, म्हणजे कोळंबी, असें नांव आहे. आमच्या ज्या घरांत त्या जिनसेचें नांवहि कधीं निघालें नव्हतें, त्याच्या माजघरांत मी रोज पहांटे पन्नास कोळंब्या काढूं लागलें.

पुढें खरा सराव सुरू झाला. नव्वद किलो वजनाचा एक तरुण माझ्या छातीवर बसला. तो सज्जन होता, “काकू, ठीक आहे ना?” असें विचारीतहि होता; तरी माझा श्वास कोंडला. अशा वेळीं हात आपोआप वर जातात आणि वजनाला ढकलूं पाहतात. वजन हलत नाहीं, हात मात्र थकतात. शिक्षकांनीं सांगितलें, “ढकलूं नका. श्वास सोडा. कोंपरें आंत घ्या. मग कंबर.” श्वास सोडल्याबरोबर छातीवरचें ओझें होतें तेवढेंच राहिलें, परंतु डोकें चालूं लागलें. कोठें बोटभर जागा आहे, त्याचा तोल कोणत्या बाजूला आहे, हें कळूं लागलें. त्या दिवशीं मी कांहीं सुटलें नाहीं. सुटतां येण्यास चार महिने लागले. तथापि शाळेंत परीक्षेचे निकाल, घरांत दोन आजारी माणसें आणि पाहुण्यांची वर्दळ, अशी कांहीं एकाच वेळीं अंगावर आलीं म्हणजे आधीं श्वास सोडावा आणि मग जागा शोधावी, ही संवय मला तेथें लागली.

आतां मुख्य गोष्ट. या विद्येंतले डाव दोन जातींचे. कांहीं डावांत कोंपर किंवा खांदा सांध्याच्या मर्यादेपलीकडे वाकविला जातो. कांहींत मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, आणि डाव नीट बसला तर दहाएक सेकंदांत शुद्ध हरपते. अशा एका फांसाला पोर्तुगीज भाषेंत सिंहाला मारणारा या अर्थाचें नांव आहे. तरीहि आमच्या वर्गांत रोज शेंकडों वेळां हे डाव पडतात, आणि माणसें हंसत घरीं जातात. याचें कारण एक साधा नियम. डाव बसला असें वाटलें कीं प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर किंवा गादीवर हातानें दोनदां थोपटावें. थोपटलें कीं समोरच्यानें त्याच क्षणीं सोडलें पाहिजे. कां थोपटलें, एवढ्यांत कां, आणखी थोडें सोसलें नसतें कां, असें कोणीहि विचारीत नाहीं. दोघेंहि उठतात, हात मिळवितात आणि पुन्हां सुरू करतात.

या नियमानें मला जितकें हलविलें, तितकें दुसऱ्या कशानेंहि नाहीं. माझ्या दुप्पट बळाचा माणूस माझ्या दोन थापांनीं जागच्या जागीं थांबतो, हा अनुभव मला तोंवर ठाऊक नव्हता. आमच्या पिढीच्या बायकांना सोसण्याचें कौतुक पुष्कळ ऐकावयास मिळालें. थांबविण्याचें कौतुक कोणी केलें नाहीं. येथें मात्र लवकर थोपटणारा दुसऱ्या दिवशीं पुन्हां वर्गाला येतो, आणि हट्टानें सोसणारा सहा महिने हात गळ्यांत बांधून घरीं बसतो. आणि या नियमाची दुसरी बाजू अशी, कीं ज्याच्या हातांत बळ आहे त्यानें कान उघडे ठेविले पाहिजेत.

कांहीं माणसांना थोपटतांच येत नाहीं, हेंहि या विद्येच्या इतिहासांत आहे. २३ ऑक्टोबर १९५१ रोजीं रिओ द जानेरोच्या माराकाना मैदानावर एलिओ ग्रेसी आणि जपानचा मासाहिको किमुरा यांची लढत झाली. किमुरानें एलिओचा हात पाठीमागें पिरगळला. एलिओ थोपटेना. अखेर भाऊ कार्लोस यानें टॉवेल टाकून लढत थांबविली. त्या डावाला ब्राझीलच्या लोकांनीं पुढें किमुरा हेंच नांव दिलें. जिंकणाऱ्याचें नांव हरलेल्यांनीं असें प्रेमानें जपावें, याचा मला आदर वाटतो. पण त्याहून अधिक आठवतो तो कार्लोस. ज्याला ‘पुरे’ म्हणतां येत नाहीं, त्याच्यासाठीं तें जवळच्या माणसानें म्हणावें लागतें.

गेल्या भाद्रपदांत सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या. गणपतीचे मोदक त्यांच्या हातचेच, ही आमच्या घरची रीत. एकवीस नैवेद्याचे, आणि सतरा माणसांचे निराळे. मी उकड मळून देत होतें. हळूहळू मोदकाच्या कळ्या अकरावरून सातांवर आल्या. दर मोदकानंतर डावा हात गुडघ्यावर टेकूं लागला. त्या कांहींच बोलत नव्हत्या. मीं म्हटलें, “आई, आतां पुरे. राहिलेले आम्ही वळतों.” “मला काय झालंय?” त्या म्हणाल्या. मीं उत्तर दिलें नाहीं. परात आपल्याकडे ओढून घेतली. त्या उठल्या, खोलींत गेल्या, आणि ऐन सणाच्या दिवशीं दोन तास निजल्या. संध्याकाळीं म्हणाल्या, “तुझ्या त्या कुस्तींत हेंच शिकवतात होय?” मीं म्हटलें, “हेंहि शिकवतात.” चार दिवसांनीं त्या आपण होऊन बोलल्या, कीं जिना चढतांना दम लागतो, आणि तो चैत्रापासून लागतो आहे. डॉक्टरांनीं तपासून हृदयाची औषधें सुरू केलीं. आतां त्यांची खोली तळमजल्यावर आहे.

माझें स्वतःचें ‘पुरे’ घरांत इतक्या सहज ऐकलें जात नाहीं. गादीवर नियम आहे. घरांत तो अजून व्हावयाचा आहे. दिवाळींत तिसऱ्या पंगतीच्या वेळीं “मला आज एवढेंच होईल,” असें मीं शांतपणें सांगितलें, तेव्हां जाऊबाई दोन दिवस अबोल होत्या. तिसऱ्या दिवशीं दुपारीं त्या माझ्या शेजारीं येऊन बसल्या आणि म्हणाल्या, “मलाहि होत नाहीं गं हल्लीं.” पाडव्यापासून मोठ्या पंगतीचा स्वयंपाक बाहेरून येतो.

तीन वर्षांच्या सरावानंतर मला पांढऱ्याचा निळा पट्टा मिळाला. काळ्या पट्ट्याला बहुतेकांना दहाएक वर्षें लागतात. माझ्या वयाला तो मिळेल किंवा न मिळेल. सर्वांनींच गादीवर उतरावें, असें माझें म्हणणें नाहीं. परंतु ज्या घरांत चार पिढ्या एका छपराखालीं नांदतात, तेथें कोणाचें ना कोणाचें वजन कोणावर तरी असावयाचेंच. अशा घरांत मुलांना पाढ्यांबरोबर हा एक शब्द शिकवावा. आणि तो ऐकतांच हात सैल करावा, हें वडील मंडळींनीं आपल्या वागण्यानें दाखवावें. आग्रह जिलबीपुरताच राहिला, तर तोहि गोड लागेल.