रविवारचा उतार

लिफ्टच्या आणि तिकिटाच्या हद्दीबाहेर, मोकळ्या बर्फाळ डोंगरावर स्वतःच्या पायांनी चढून जावे आणि स्कीवर उतरून यावे, याची गोडी लागलेल्या सात-आठ मंडळींना रविवारी कोठे न्यावे, हा प्रश्न वरकरणी सहलीच्या बेताइतका साधा वाटतो. परंतु सॉल्ट लेक सिटीच्या पूर्वेस उभ्या असलेल्या वॉसॅच पर्वतराजीत पुष्कळ हिवाळे काढल्यानंतर आणि अशा मंडळींचे पुढारपण आवडीने पत्करल्यानंतर माझे ठाम मत झाले आहे, की या सबंध उद्योगात पुढाऱ्याच्या कौशल्याचा खरा कस लागतो तो आदल्या संध्याकाळी, घरच्या टेबलावर नकाशा पसरून जागा मुक्रर करताना. दुसऱ्या दिवशी डोंगरावर जे काही बरेवाईट घडते, त्याचा बराचसा निकाल त्या टेबलावर लागून गेलेला असतो.

शहरातून निघाल्यावर मोटार थोड्याच वेळात मिल क्रीक, बिग कॉटनवुड किंवा लिटल कॉटनवुड यांपैकी कोणत्याही दरीत पोहोचते. लिटल कॉटनवुडच्या शेवटाला ॲल्टा हे स्कीचे ठिकाण आहे. तेथे पहिली लिफ्ट १९३९ च्या आरंभी सुरू झाली, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर मॉन्टगोमेरी ॲटवॉटर यांनी अमेरिकेतील हिमस्खलनाच्या शास्त्रशुद्ध अभ्यासाचा पाया घातला तोही तेथेच. दर हिवाळ्यात ॲल्टाला सरासरी १२ मीटरांहून अधिक हिमवृष्टी होते आणि ताज्या बर्फात पाण्याचा अंश बहुधा ८-९ टक्केच असल्याने तो इतका हलका असतो, की गुडघाभर बर्फातून उतरतानाही पायांना फारसा अडसर जाणवत नाही. इतक्या जवळ इतके वैभव असले, की निवडीचा प्रश्न सोपा होण्याऐवजी बिकट होतो.

माझे तरुणपण नाशिककडच्या डोंगरांत गेले. तेथे मंडळी नेताना पाहावे लागे ते मुख्यतः माथ्यावरच्या टाक्यातले पाणी, वाटेवरची सावली आणि एखादा कातळटप्पा. गतवर्षी ज्या खोदीव पायऱ्यांनी वर गेलो त्या यंदाही जागच्या जागी असतील, एवढा भरवसा सह्याद्री देतो. वॉसॅचमध्ये नकाशावरचे नाव तेच राहते, पण पायाखालची भूमी प्रत्येक वादळागणिक नव्याने रचली जाते, आणि त्या रचनेत नोव्हेंबरात घडलेल्या गोष्टीचा परिणाम फेब्रुवारीत भोगावा लागतो. म्हणून जागा निवडणाऱ्याने हिवाळ्याचे सबंध दप्तर आरंभापासून ध्यानात ठेवले पाहिजे. शनिवारी सकाळी आकाश निळे आहे, एवढ्या दाखल्यावर काहीही ठरविता येत नाही.

नोव्हेंबरात पडलेला पहिला पातळ थर उत्तराभिमुख उतारांवर, जेथे भर हिवाळ्यात सूर्य जवळजवळ पोहोचतच नाही, तसाच पडून राहतो. त्याच्या तळाशी जमीन शून्य अंशाच्या आसपास, वर निरभ्र रात्रींची कडाक्याची थंडी, आणि या दोहोंमधील तापमानाच्या फरकामुळे बाष्प थराथरांतून वर सरकत राहून बर्फाचे स्फटिक कोरडे, टोकदार आणि परस्परांना न चिकटणारे होऊन बसतात. फावड्याने तळापर्यंत खणून त्यातला मूठभर बर्फ हातमोज्यावर घेतला, तर तो खडीसाखरेच्या भरड चुऱ्यासारखा बोटांमधून निसटतो. कितीही दाबला तरी त्याचा गोळा होत नाही. अशा ठिसूळ पायावर डिसेंबर-जानेवारीची वादळे आपले घट्ट थर रचीत जातात, पश्चिमेकडचा आणि नैर्ऋत्येकडचा वारा माथ्यावरून बर्फ उचलून तो पूर्व आणि ईशान्य उतारांवर आणून टाकतो, आणि अखेर एक वेळ अशी येते, की एका माणसाचा भार पडताच वरची सबंध लादी तडकून घसरू लागते. त्याच टेकडीचा दक्षिणाभिमुख उतार, जेथे सूर्याने आरंभीचा बर्फ वितळवून टाकलेला असतो, त्या दिवशी पुष्कळदा सुरक्षित असतो. मार्च-एप्रिलात हा हिशेब उलटतो. उन्हाने ओला झालेला दक्षिण उतार दुपारी ढासळू लागतो आणि मंडळींना मध्यान्हीपूर्वी खाली आणावे लागते.

हे सारे ज्ञान एकट्यादुकट्याने जमविणे अशक्य आहे. यूटा राज्याचे हिमस्खलन केंद्र १९८० पासून ते जमवीत आले आहे, आणि हिवाळ्यात रोज सकाळी त्याचा अहवाल येतो. त्यात एक वर्तुळ असते: आठ दिशा आणि उंचीचे तीन पट्टे मिळून चोवीस घरे, आणि प्रत्येक घराला त्या दिवशीच्या धोक्याचा रंग. मी आदल्या संध्याकाळी बेत ठरवितो, पण सकाळच्या अहवालाशी त्याची रुजवात घातल्याखेरीज कोणाही माणसाला घराबाहेर पडू देत नाही.

केवळ अहवालाने मात्र भागत नाही. ६ फेब्रुवारी २०२१ रोजी मिल क्रीकच्या माथ्याकडील विल्सन ग्लेड या ईशान्याभिमुख उतारावर दोन निरनिराळ्या तुकड्यांतील मिळून आठ जण हिमस्खलनात सापडले आणि त्यांतील चौघे मृत्यू पावले. धोक्याच्या पाच पायऱ्यांपैकी त्या दिवशी चौथी पायरी होती. मंडळी अनुभवी होती, साधने जवळ होती, वाचलेल्यांनी सोबत्यांना उकरून काढण्यासाठी शर्थ केली, आणि तो उतार पाहणाऱ्याच्या छातीत धडकी भरावी इतका उभा मुळीच नव्हता. ३० अंशांहून थोडासाच अधिक. या घटनेचा विचार मी दर हिवाळ्यात करतो, आणि तो करताना त्या मंडळींना दोष देण्याचे माझ्या मनातही येत नाही. लादी सुटण्याच्या बहुतेक घटना ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर घडतात, हे सर्वांना पाठ असते; परंतु २८ आणि ३२ यांतला फरक डोळ्यांना कळत नाही, तो मोजावाच लागतो. म्हणून मी नकाशावर कोन रंगवून घेतो, डोंगरावर पुन्हा कोनमापक लावतो, आणि धोक्याची पायरी वर असेल तेव्हा जागेला दोनच अटी घालतो: आमची सबंध वाट, चढण्याची आणि उतरण्याची, ३० अंशांच्या आत असली पाहिजे, आणि तिच्या डोक्यावर याहून उभा उतार कोठेही टांगलेला नसला पाहिजे. ही दुसरी अट लोक विसरतात. सपाट कुरणात उभ्या असलेल्या माणसाच्याही अंगावर वरचा डोंगर येऊ शकतो.

आता माणसांकडे वळतो. आठ जण एकाच तुकडीत नेणे मला पसंत नाही. चार-चारांच्या दोन तुकड्या करून प्रत्येकीला एक मुखत्यार नेमून देणे बरे. पण तुकड्या केल्या, की एक तुकडी दुसरीच्या डोक्यावर येण्याची भीती उत्पन्न होते, म्हणून जागाच अशी रुंद हवी, की दोघींना शेजारी-शेजारी वेगळ्या वाटा मिळाव्यात आणि खाली थांबून एकमेकांची वाट पाहायला निर्वेध ठिकाण असावे. चढाचा वेग सर्वांत मंद माणसाच्या पायांनी मोजावा. सरावलेला माणूस स्कीच्या तळाला स्किन, म्हणजे मागे घसरू न देणारी पट्टी, लावून तासाला ३०० मीटर उंची सहज गाठतो, नवशिक्याला २०० सुद्धा पुष्कळ होतात. कोणी स्प्लिटबोर्डवाला, म्हणजे उभा दुभंगणारा स्नोबोर्ड वापरणारा, असेल तर परतीची वाट लांब आणि सपाट नसावी, कारण उतारावर आपल्या पुढे असणारा तो माणूस सपाटीवर बिचारा रखडतो. बिग कॉटनवुडच्या मिल डी नॉर्थ या उपदरीची परतीची पायवाट अरुंद आहे, तिच्यावर संध्याकाळी बर्फ घट्ट होतो आणि ज्याला स्कीवर वेग आवरता येत नाही त्याचे तेथे हाल होतात. उतार सुंदर मिळाला म्हणून परतीच्या वाटेकडे दुर्लक्ष करणारा पुढारी मंडळींच्या शेवटच्या तासाचा विचार करीत नाही, असे मला वाटते.

याखेरीज किरकोळ वाटणाऱ्या पण बेत मोडणाऱ्या गोष्टी आहेतच. दोन्ही कॉटनवुड दऱ्यांतून शहराला पिण्याचे पाणी जाते, सबब तेथे कुत्र्यांना मनाई आहे. मिल क्रीकमध्ये विषम तारखांना कुत्री मोकळी सोडण्याचीही मुभा आहे, पण हिवाळ्यात रस्ता फाटकापाशीच बंद होतो आणि पुढची चाल वाढते. वादळानंतर लिटल कॉटनवुडचा रस्ता हिमस्खलनाच्या बंदोबस्तासाठी बंद ठेवतात. गाड्या लावायला जागा थोडी, म्हणून दरीच्या तोंडाशी जमून दोनच गाड्यांतून वर जायचे, हा आमचा शिरस्ता.

परंतु ज्या एका गोष्टीसाठी मी हा लेख लिहावयास बसलो ती याहून निराळी आहे. सॉल्ट लेक सिटीतील इयान मॅकॅमन यांनी अमेरिकेतील सातशेहून अधिक हिमस्खलन-अपघातांच्या नोंदी तपासून २००४ साली दाखवून दिले, की धोक्याच्या खुणा पुष्कळदा समोर स्पष्ट असूनही माणसे पुढे जातात. ओळखीचा डोंगर, ठरविलेले शिखर, सोबत्यांची मर्जी, जाणकार वाटणाऱ्या माणसावरचा विश्वास, इतरांचे तेथे असणे आणि पहिली रेघ आपली पडावी ही ओढ, यांनी त्यांचा निर्णय आधीच झालेला असतो. आपल्या मराठी मंडळींत याला आणखी एक पदर आहे, तो म्हणजे वडीलधाऱ्याचा मान. डोंगराच्या धारेवर पोहोचल्यावर एखादी मुलगी समोर बोट दाखवून म्हणते, “काका, तो पलीकडचा उतार बघा ना, एकसुद्धा रेघ नाही त्याच्यावर!” आणि मी क्षणभर गप्प राहिलो, की मागून कोणीतरी म्हणते, “काका म्हणतील तसं.” त्या वाक्यात आदर असतो, आपुलकी असते, आणि ज्याला भीती वाटते आहे अशा एखाद्या माणसाचे तोंडही त्याच वाक्याने बंद होते. थकवा, थंडी, निळे आकाश आणि सात चेहऱ्यांवरची उत्कंठा यांच्यासमोर नाही म्हणणे फार कठीण असते. पुढाऱ्याला कठीण, आणि सर्वांत मागे राहिलेल्या नवख्या माणसाला तर जवळजवळ अशक्य.

म्हणून मी अशी जागा शोधतो, जेथे नाही म्हणण्याची पाळी कोणावर येऊच नये. मिल डी नॉर्थने वर गेल्यावर पावडर पार्कची कुरणे लागतात. ती सौम्य आहेत, रम्य आहेत, पण रेनॉल्ड्स शिखराचे उभे उतार जवळच आहेत, आणि ज्या दिवशी धोका तिसऱ्या किंवा चौथ्या पायरीवर असतो त्या दिवशी नवी मंडळी मी तेथे नेत नाही, कारण कुरणात दोन फेऱ्या झाल्या, की नजर वर जाते आणि नजरेमागून पाय जातात. त्याऐवजी बिग कॉटनवुडच्या उत्तरेकडील विलो हाइट्स मला पसंत पडते. तळ्याच्या आसपास ॲस्पेनची विरळ राई आणि अंगाला न बोचणारा उतार. याहून उभा भाग वर आहे, पण त्यासाठी मुद्दाम पुढे चालून जावे लागते, आणि मुद्दाम चालून जाण्यापूर्वी विचार करायला अवधी मिळतो. तेथील बराच उतार दक्षिणेकडे तोंड करून असल्याने ऊन लागताच बर्फ जड होतो, एवढी किंमत मात्र मोजावी लागते. ती लवकर निघून फेडता येते.

उभ्या उताराची ज्यांना चटक लागली आहे ते म्हणतात, की २५ अंशांत काय मौज? त्यांना मी एकदा सोबत येण्याचा आग्रह करतो. वादळानंतरच्या सकाळी ॲस्पेनच्या पांढऱ्या खोडांमधून, गुडघ्यापर्यंत आलेल्या हलक्या बर्फात, एकाच लयीत सावकाश वळणे घेत जाताना स्कीची टोके दिसेनाशी होतात आणि खाली काय आहे हे केवळ तळपायांना कळते. अशा वेळी वेग थोडा असला तरी आनंदात उणे काही राहत नाही. शिवाय नवशिक्याला हा आनंद पहिल्याच दिवशी मिळतो, आणि ज्याला तो मिळाला तो माणूस पुढे धीराने शिकतो. माझ्या मते मंडळींचा मेळावा ज्या उतारावर सर्वांना हसत उतरता येते तेथेच भरावा. ज्यांना उभा डोंगर हवा त्यांनी दोघा-तिघांनी, स्थिर बर्फाच्या दिवशी, वेगळे जावे. मीही जातो.

उद्याच्या रविवारचा बेत आज रात्री लिहून ठेवला आहे. गुरुवारी वादळ होऊन गेले, शुक्रवारी वारा पश्चिमेचा होता आणि जुना ठिसूळ थर उत्तर व ईशान्य उतारांवर अजून तसाच आहे. तेव्हा ती सर्व घरे बंद. नागपूरचे डॉक्टर प्रथमच येत आहेत, एक मुलगी स्प्लिटबोर्ड आणणार आहे. विलो हाइट्स, दोन तुकड्या, तळ्याच्या वर कोणत्या रेषेपलीकडे जायचे नाही ती नकाशावर तांबड्या शाईने ओढून प्रत्येकाला पाठविली आहे, आणि ज्याला ती रेषा अलीकडे आणावीशी वाटेल त्याने कारण न सांगता तसे कळवावे, असे खाली लिहिले आहे. सकाळी साडेसहाला दरीच्या तोंडाशी जमायचे, निघण्यापूर्वी प्रत्येकाने आपला बीकन (बर्फाखाली गाडलेल्याचा ठाव देणारे यंत्र) चालू करून माझ्यासमोरून एकेकट्याने जायचे, आणि अहवालात काही वेगळे निघाले तर गाड्या तेथूनच परत फिरवून आमच्या घरी पोह्यांना यायचे.