ठेका कोणाचा?

माझं लहानपण धुळ्यातल्या वरातींच्या मागे पळण्यात गेलं. आग्रा रोडवर बँड वाजू लागला की आम्हा पोरांना नवरदेवाचं भान नसे, सगळं लक्ष वाजवणाऱ्यांकडे. १९८२ साली ‘डिस्को डान्सर’ आला आणि बप्पी लाहिरींच्या चाली ट्रम्पेटवर चढल्या. पुढे बँडच्या गाडीवर कॅसिओ आला आणि त्यावर पावरी वाजू लागली. पावरी मुळात आदिवासींची, वाळलेला भोपळा नि बांबू जोडून केलेली. तो सूर निघाला की थोरले काकाही फेटा सावरत नाचायला उतरायचे.

जळगावला कॉलेजात असताना फुले मार्केटातून कॅसेटी भरून आणायचो. त्यात अमेरिकी गायक जेम्स ब्राऊन सापडला. शब्द कळले नाहीत, पण ठेक्याने धरून ठेवलं. त्याच्या ‘फंकी ड्रमर’मध्ये क्लाइड स्टबलफील्ड काही सेकंद एकटाच ड्रम वाजवतो. गाण्यातल्या अशाच मोकळ्या जागा डीजे कूल हर्कने हेरल्या होत्या. ११ ऑगस्ट १९७३ ला न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये, बहिणीच्या पार्टीत, एका गाण्याच्या दोन तबकड्या आलटून पालटून लावत त्याने तेवढाच तुकडा लांबवला. हिप-हॉपचा जन्म तिथला मानतात. पुढे स्टबलफील्डचा ठेका हजारावर गाण्यांत वापरला गेला. त्याच्या हाती मात्र जवळजवळ काहीच आलं नाही, कारण मूळ गाण्याचा रचनाकार म्हणून त्याची नोंदच नव्हती.

हक्क भांडून मिळतो, हे बप्पीदांनी दाखवलं. ट्रुथ हर्ट्स या अमेरिकी गायिकेच्या २००२ च्या ‘अ‍ॅडिक्टिव्ह’मध्ये लतादीदींनी गायलेलं त्यांचं ‘थोडा रेशम लगता है’ न विचारता घेतलं होतं. त्यांचं नाव दिल्याशिवाय अल्बम विकायचा नाही, असा आदेश त्यांनी अमेरिकेतल्या कोर्टातून मिळवला.

पण भांडायलाही आधी नाव कुठेतरी नोंदलेलं लागतं. आपल्या असोद्याच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी निरक्षर होत्या. घरकाम, शेतकाम करता करता म्हटलेली त्यांची गाणी मुलगा सोपानदेवांनी जपली, आचार्य अत्र्यांनी उचलून धरली, १९५२ साली पुस्तक निघालं. २०१८ मध्ये जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव मिळालं. कोणी लिहून घेतलं नसतं, तर त्या गाण्यांची धनीण कोण, हे कळलंच नसतं.

आज अहिराणी गाणी मोबाइलवरून कुठल्या कुठे पोचतात. पण वरातीच्या व्हिडिओखाली फार तर बँडचं नाव असतं, पावरी वाजवणाऱ्याचं नसतं. म्हणून येत्या लग्नसराईत व्हिडिओ टाकण्याआधी त्या वादकाला विचारा, “दादा, तुमनं नाव काय शे?” आणि ते नाव गाण्याखाली नक्की लिहा.