सांखळीची घरघर

आमच्या प्रशालेचे एक माजी विद्यार्थी सायकलींच्या शर्यतींत भाग घेत असत. नोकरीनिमित्त परदेशीं जातांना त्यांनीं आपली शर्यतीची जुनी सायकल आम्हांस दिली. या सायकलीस फ्रीव्हील नाहीं. मागील दंतचक्र हबावर पक्कें बसविलेलें आहे. चाक फिरूं लागलें कीं पायडलेंहि फिरूं लागतात, आणि उतारावरसुद्धां स्वाराच्या पायांस विसांवा मिळत नाहीं. इ. स. १८८५ मध्यें इंग्लंडांत जॉन केंप स्टार्ली यांनीं मागील चाक सांखळीनें फिरविणारी 'रोव्हर' सायकल पुढें आणली, तीहि याच जातीची होती. आम्हीं पुढील चाकास एक ब्रेक बसवून घेतला आणि रोज शाळेस तिच्यावरून जाऊं लागलों.

फ्रीव्हीलची टिकटिक नसल्यामुळें अशी सायकल मुकाट्यानें चालावी. पण आमची घरघर करी. आम्हीं तेल घातलें, तरी आवाज राहिला. मग सांखळी चांगली ताणली. कारण सैल तें वाईट व घट्ट तें चांगलें, असा वर्गांत काय आणि घरीं काय, आमचा जुना समज! घरघर उलट वाढली. आमचा मुलगा तेव्हां दहावींत होता. तो म्हणाला, "बाबा, आवाज सारखा येत नाहीं, पायडलाच्या दर फेऱ्यास एकदांच येतो." आम्हीं उत्तर दिलें, "तूं आपल्या गणिताकडे लक्ष दे."

शेवटीं एका शनिवारीं वैतागून आम्हीं सांखळी बरीच सैल केली. घरघर थांबली, आम्हांस समाधान वाटलें. सायंकाळीं मुलगा त्याच सायकलीवरून पाव आणावयास गेला. उतारावर सांखळी दांत्यांवरून निसटली, हबापाशीं अडकली आणि मागील चाक जागच्या जागीं थांबलें. त्याच्या मनगटाचें हाड मोडलें. इस्पितळांत प्लॅस्टर घालून होईपर्यंत तो आम्हांस एका शब्दानेंहि बोलला नाहीं. त्याच्या आईनें मात्र विचारलें, "तो कांहीं सांगत होता, तें तुम्हीं ऐकलें होतें का?" आम्हांपाशीं उत्तर नव्हतें.

आठ दिवसांनीं आम्ही दोघे अंगणांत बसलों. तो सांगे आणि आम्ही पाना चालवूं. पुढील चक्रास ४८ दांते, मागील चक्रास १६. म्हणजे पायडलाच्या एका फेऱ्यांत चाकाचे तीन फेरे. दोष मागील चक्रांत असता तर आवाज तीनदां आला असता. सांखळीच्या कड्या ९८. एखादी कडी अडकत असती तर आवाज पायडलाच्या दोन फेऱ्यांहून किंचित् अधिक अंतरानें आला असता. तो दर फेऱ्यास एकदांच येई, म्हणून दोष पुढील चक्रांत. तें चक्र केंद्रापासून थोडें सरकून बसलें होतें. त्यामुळें सांखळी एके ठिकाणीं ताठ होई व दुसरीकडे ढिली पडे. ताठ जागीं घरघर, आणि ढिल्या जागीं निसटण्याचें भय! आम्हांस गणिताकडे लक्ष देण्यास सांगणारा मुलगाच हवा होता.

चक्राचे पांचहि बोल्ट किंचित् सैल केले. सांखळी जेथें सर्वांत ताठ होते, तेथें पायडल थांबवून सांखळीवर पान्यानें हलकेच ठोकलें, तेव्हां चक्र केंद्राकडे सरकलें. असें पुनःपुन्हां करून बोल्ट आवळले. पट्टीनें मोजलें, तों २४ कड्यांची लांबी बरोबर १२ इंच भरली. ती एक षोडशांश इंचानें वाढली असती तर सांखळी झिजली असें समजून बदलावी लागली असती. मग चाक मागें ओढून, सांखळी मध्यभागीं सुमारें अर्धा इंच वरखालीं हालेल इतकीच ताणली. पायडल हातानें फिरविलें. आवाज नव्हता.

पालकहो, ताण पाहिजेच. पण अर्ध्या इंचाची ती मोकळीकहि पाहिजे, हें आम्ही वयाच्या चाळिशीनंतर शिकलों. आणि विद्यार्थिमित्रांनो, कोणताहि दोष दिसला तर तो केव्हां व कितीदां येतो, हें आधीं मोजा. मोजून झाल्यावर वडीलधाऱ्यांनीं ऐकलें नाहीं, तर पुन्हां एकदां सांगा. प्लॅस्टर निघाल्यावर आमच्या मुलानें सायकल उतारावरून नेली. आम्ही मागून चालत कान देऊन ऐकत होतों. टायरांची सळसळ तेवढी ऐकूं आली.