चरात थांबलेलं पाणी

रविवार, अकोले. पहाटेची प्रार्थना आटोपून पुरुषवाडीला गेलो. रात्रभर पाऊस झालेला. उतारावरच्या समपातळी चरापाशी उकिडवा बसलो. तांबूस गढूळ पाणी काठोकाठ, त्यावर करवंदीचं एक पान. बोट बुडवलं तर तळाला लोण्यासारखी माती लागली. चर नसता, तर ती ओढ्याने नेली असती.

फादर हर्मन बाखर आठवले. स्वित्झर्लंडचे हे जेझुइट धर्मगुरू नगर जिल्ह्याचेच होऊन गेले. १९९३ साली त्यांनी फादर क्रिस्पिनो लोबोंसह पाणलोटाच्या कामासाठी ‘वॉटर’ संस्था उभी केली. तिचं काम या गावातही झालं. माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी अडवायचं, श्रमदान करायचं, चराईबंदी-कुऱ्हाडबंदी गावानेच पाळायची. मला ही उपासनाच वाटते.

उत्पत्तीच्या पुस्तकात देव माणसाला बागेत ठेवतो तो मशागतीसाठी आणि राखणीसाठी. आम्ही त्याच पुस्तकातली सृष्टीवरची ‘सत्ता’ तेवढी पाठ केली, राखण विसरलो. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रात हेच कळवळून मांडलं. तरी गेल्या नाताळच्या जेवणानंतर आमच्या अंगणात थर्माकोलच्या ताटल्यांचा ढीग होता. तो मीच पेटवला. तो काळा धूर अजून डोळ्यांपुढे आहे.

येताना पळसाच्या पत्रावळी लावणाऱ्या मावशींना डिसेंबरसाठी दोनशे सांगून आलो.