अळणीची वाटी

१२ जणांचं मटण करायचं तर चौघांच्या मापाला तीननं गुणून भागत नाही. एक किलो मटणाला पातेल्यात जेवढं पाणी लागतं, त्याच्या तिप्पट पाणी ३ किलोला ओतलं तर रस्सा पातळ होतो. मोठ्या पातेल्यात माल वाढतो, पण वाफ निघून जायला तोंड त्या मानानं वाढत नाही. कांद्याची तऱ्हा आणखी वेगळी. थोडा कांदा तेलात पटकन तांबूस होतो. दीड किलो एकदम टाकला तर स्वतःच्याच पाण्यात उकडत बसतो आणि खरपूसपणा काही येत नाही. म्हणून मी तो दोन कढयांत निम्मा-निम्मा परततो. लवंग-दालचिनीचा हात तर जपूनच वाढवायचा, नाहीतर मसाला घशाशी येतो. ही गणितं कुठं लिहिलेली नसतात. माणसं जेवायला बोलवत राहिलं की हळूहळू हातात उतरतात, आणि ती उतरू लागली की स्वयंपाकाची गोडी वेगळीच लागते.

कोल्हापुरात मित्रांनी मिळून रस्सा करायचा यात कुणाला नवल वाटत नाही. पेठांमधून रस्सा मंडळं आहेत. रविवार ठरतो, वर्गणी निघते, कुणाच्या तरी मळ्यात तीन दगडांची चूल मांडली जाते. आषाढात पंचगंगेला नवं पाणी आलं की ते वाजतगाजत, पी ढबाकच्या तालावर, टेकडीवरच्या त्र्यंबोली देवीला वाहायला नेतात. त्या दिवसांत गल्लोगल्ली मटणाच्या जेवणाचे बेत असतात. श्रावण लागला की मोठी पातेली माळ्यावर जातात. आमचं टोळकं या सगळ्याचाच एक लहानसा भाग. शाळेपासूनचे मित्र, आता बायका-मुलांसह.

मटण आणायचं काम ज्याला त्यातलं कळतं त्याच्याकडेच. तो पालव्याचं मटण निवडतो, मांडी-पुठ्ठ्याबरोबर चाप आणि नळ्या मागून घेतो. नुसत्या मऊ मांसावर रस्सा होत नाही. हाडांतला चिकट अंश मंद आचेवर पाण्यात उतरतो, तेव्हा कुठं त्याला अंग येतं. आलं-लसूण-कोथिंबिरीचं वाटण आणि मीठ लावून मटण थोड्या तेलावर परतायचं, वर खोलगट ताट झाकायचं आणि त्या ताटात पाणी ओतायचं. ताटाखाली वाफ थंडावते, तिचे थेंब पुन्हा मटणात पडतात. वरचं पाणीही तापत राहतं, तेच लागेल तसं आत घालायचं. उकळत्या मटणात गार पाणी ओतलेलं मला आजही सहन होत नाही. चढत आलेली चव जागच्या जागी बसते.

हळद मी या टप्प्यावर घालत नाही, कारण यातूनच पांढरा रस्सा निघायचा असतो. काहीजण चिमूटभर घालतात. त्यावरून आमच्यात वाद होतात आणि ते व्हावेत असंच मला वाटतं.

मटण शिजत आलं की येतो तो या सगळ्या खटाटोपातला माझा सर्वांत आवडता वेळ. मटणावर जमलेलं पाणी म्हणजे अळणी. त्यात ना तिखट, ना खोबरं, ना फोडणी. नुसतं मीठ, आलं-लसूण आणि हाडाचा अर्क. मी ओगराळ्यानं ते स्टीलच्या वाट्यांत ओततो आणि पाट, ताट, पंगत असलं काही नसताना सगळे पातेल्याभोवती उभ्या-उभ्या पितात. कुणाच्या हाताला नारळाचा चव लागलेला असतो, कुणाचे डोळे कांद्यानं वाहत असतात. “मीठ बघ रे,” म्हणून मी पहिली वाटी पुढं करतो. “बरोबर हाय. घालू नको आता,” एकजण म्हणतो. दुसरा लगेच, “भावा, चिमूटभर घाल की!” वाटी फिरत राहते. लहान मुलांनाही अळणी चालते, त्यामुळे तीही मध्ये घुसतात. मला विचाराल तर जेवण इथंच सुरू होतं. वाढण्याआधीच सगळ्यांनी ते चाखलेलं, त्यावर मत दिलेलं, थोडंफार घडवलेलं असतं. पंगतीत बसून तयार ताट समोर आलेला माणूस पाहुणा राहतो. अळणीची वाटी हातात घेतलेला माणूस घरचा होतो.

आमच्यातला एकजण माळकरी आहे. त्याचा अख्खा मसूर सगळ्यांत आधी होतो, मटणाची पिशवी स्वयंपाकघरात यायच्याही आधी. त्याचं पातेलं, त्याचा डाव, त्याची भाकरी वेगळी. आणि हा मसूर उरलंसुरलं म्हणून करायचा नाही. कराड-इस्लामपूरकडच्या ढाब्यांवर मिळतो तसा दाणा अख्खा राहिला पाहिजे आणि दाबला तर लोण्यासारखा फुटला पाहिजे. मटण खाणारेही तो मागून घेतात, पण त्याचं झाल्यावर.

पांढऱ्या रश्श्यात घाई चालत नाही. भिजवलेली खसखस, तीळ आणि काजू गंधासारखे बारीक वाटायचे. खड्या मसाल्याच्या फोडणीवर हे वाटण, मग अळणी, मग नारळाचं पातळ दूध आणि अगदी शेवटी दाट दूध. त्यानंतर उकळी फुटू द्यायची नाही, नाहीतर दूध फाटतं. मी तिथून हलत नाही; कुणाला बोलायचं असेल तर त्यानं चुलीजवळ यावं. कित्येक गोष्टी मित्रांनी मला अशाच, रस्सा ढवळताना, सांगितल्या आहेत: मुलाचं न जमलेलं लग्न, वडिलांचं आजारपण. हात कामात आणि नजर पातेल्यात असली की बोलणाऱ्याला सोपं जातं.

तांबड्याचं सगळं बळ चटणीत. ती आम्ही उन्हाळ्यात एकत्रच करतो. रंगाला ब्याडगी, तिखटाला आणि वासाला संकेश्वरी आणि जवारी. भाजलेलं खोबरं, तीळ, धणे, तळलेला कांदा, लसूण, खडा मसाला. डंकावर कुटून आणली की वाटे पडतात, आणि पुण्यात स्थायिक झालेल्या मित्राचा डबा बाजूला निघतो. एकच चटणी वर्षभर सगळ्यांच्या घरी असते, पण रस्सा प्रत्येकाचा निराळा होतो. ती तेलात पडताना आच अगदी मंद हवी. क्षणात तेल लाल होतं, त्यावर लगेच अळणी ओतायची. एकाला पित्ताचा त्रास आहे, त्याच्यापुरतं सुकं मटण चटणी पडायच्या आधीच काढून ठेवलेलं असतं. कुणाची जीभ काय मागते हे माहीत असताना रांधणं, हे हॉटेलच्या आचाऱ्याला मिळत नाही. मला ते मिळतं.

भाकऱ्या एका मित्राची आई थापायची. आता त्या त्याची मुलगी थापते, आणि शाळूचं पीठ कोमट पाण्यात मळून परातीत अशी फिरवते की तव्यावर टाकलेली भाकरी हमखास टम्म फुगते. मागच्या जेवणात तिनं पांढऱ्या रश्श्याची वाटी तोंडाला लावली आणि म्हणाली, “काका, खसखस जास्त झाली. दाट लागतोय. आमची आजी नुसत्या काजूवर करायची.” मी खसखशीच्या बाजूनं बराच बोललो, तिला काही पटलं नाही. दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी दोन पातेली चढणार आहेत, एक माझं आणि एक तिचं. वाटण ती पाट्यावर करणार म्हणते, आणि नारळ फोडायला मी तिच्या हाताखाली असणार आहे.