तारीख माझी होती

युरोपातल्या पायलट लायसनवर संपण्याची तारीख नसते. एकदा हातात आलं की ते कायमचं. हे खरं आहे, आणि याच्यावरच विसंबून मी माझी काही उमेदीची वर्षं घालवली.

लायसन कायमचं असलं तरी त्यात नोंदवलेली रेटिंग्ज कायमची नसतात. एअरलाइनच्या विमानाचं टाइप रेटिंग एक वर्षाचं. ढगात, धुक्यात, बाहेर काही दिसत नसताना निव्वळ उपकरणांवर उडण्याची परवानगी देणारं इन्स्ट्रुमेंट रेटिंगही एकच वर्षाचं. पायलट मंडळी त्याला नुसतं आयआर म्हणतात. आयआर गेलं की लायसन कपाटात सुखरूप असतं, पण एअरलाइनच्या कॉकपिटमध्ये बसता येत नाही. मी हे पेपरात लिहून पास झालो होतो.

बायकोच्या नोकरीमुळे आम्ही आयर्लंडमध्ये, कॉर्कला स्थायिक झालो. तिथेच मी शिकलो, 2014 मध्ये एटीपीएलचे तेव्हाचे चौदाही पेपर पास झालो आणि पुढे एका छोट्या कंपनीत एटीआर विमानावर फर्स्ट ऑफिसर म्हणून लागलो. एटीपीएल, म्हणजे कॅप्टन होण्यासाठी लागणारं लायसन, मिळायला 1500 तासांचं उड्डाण लागतं, त्यातले 500 तास दोन पायलटांच्या विमानावर. तोपर्यंत तुमच्याकडे सीपीएल, म्हणजे व्यावसायिक पायलटचं लायसन, आणि पास झालेले पेपर असतात. आमच्यात याला ‘फ्रोझन एटीपीएल’ म्हणतात. माझे 1500 तास भरत आले होते.

त्या वर्षांत मला माझ्या आयआरची तारीख कधी पाहावी लागली नाही. मुदत संपायच्या आधीच्या तीन महिन्यांत चेक दिला तर पुढचं वर्ष जुन्या तारखेपासूनच मोजलं जातं. या खिडकीत मला सिम्युलेटरवर बसवायचं काम कंपनीच्या ट्रेनिंग विभागाचं होतं. ईमेल यायचा, मी जायचो, परीक्षक लायसनच्या पानावर नवी तारीख लिहून सही करायचा. पान मी न वाचताच परत पाकिटात ठेवायचो. नंतर जे घडलं त्याचं मूळ या सवयीत आहे असं मला आज वाटतं. माझ्या लायसनची काळजी दुसरं कोणीतरी घेत होतं, आणि तो माणूस नाहीसा झाल्यावर मी ते काम हातात घेतलं नाही.

2020 मध्ये विमानं जमिनीवर आली, कंपनीनं माणसं कमी केली, त्यात मी होतो. शेवटचा चेक नुकताच फेब्रुवारीत झालेला, म्हणजे आयआर फेब्रुवारी 2021 अखेरपर्यंत होतं. हातात जवळजवळ वर्ष होतं. मी काही केलं नाही. पैशांचं कारण होतंच, पण त्याहून मोठं कारण हे की विमानतळाकडे जायलाच मला जड वाटायचं. तारीख गेली.

माझे बाबा सातारा डेपोत एसटीचे ड्रायव्हर होते. लायसन आणि बॅज यांच्या तारखा त्यांना तोंडपाठ असायच्या. मुदत संपायच्या महिनाभर आधी ते आरटीओच्या दारात उभे असत. ते फोनवर विचारायचे, “लायसन चालू आहे ना रे?” मी म्हणायचो, “आहे हो बाबा, इकडं ते कायमचं असतं.” एकदा ते जरा थांबून म्हणाले, “असं कसं? कुठंतरी तारीख असणारच की.” मी विषय बदलला. त्यांचा प्रश्न नेमका होता आणि उत्तर मला माहीत होतं. ते मी त्यांना दिलं नाही, ही गोष्ट मला आयआर जाण्यापेक्षा जास्त लागते.

पुढची चूक पहिलीच्या अगदी उलट आहे. एका जुन्या सहकाऱ्यानं सांगितलं की एटीपीएलचे पेपर सात वर्षांनी बाद होतात. मी हिशेब केला: 2014 अधिक सात, 2021. म्हणजे पेपरही गेले. मी नियम उघडून पाहिला नाही. पुस्तकं माळ्यावर टाकली आणि एका गोदामात शिफ्ट सुपरवायझरची नोकरी धरली. काम चांगलं होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण ते मी निवडलं ते एका चुकीच्या बेरजेवर.

युरोपच्या नियमावलीत, एफसीएल 025 मध्ये, स्पष्ट लिहिलंय: एटीपीएलच्या पेपरांची सात वर्षं पास झाल्याच्या दिवसापासून मोजायची नाहीत, लायसनमध्ये नोंदवलेलं आयआर शेवटचं ज्या तारखेपर्यंत वैध होतं तिथून मोजायची. माझं आयआर फेब्रुवारी 2021 पर्यंत होतं. म्हणजे पेपर 2028 पर्यंत जिवंत होते. आणि आयआर पुन्हा चालू केलं की ही मुदतही पुढे सरकते. एका निवृत्त कॅप्टननं 2023 मध्ये चहा पिता पिता हे पान माझ्यासमोर ठेवलं. दोन ओळींचा मजकूर होता.

सात वर्षांचा खरा धाक आयआरलाच आहे, तोही सांगतो. ते सात वर्षं पुन्हा चालू केलं नाही, तर आयआरची लेखी परीक्षा आणि प्रात्यक्षिक परीक्षा दोन्ही नव्यानं द्यावी लागतात. त्याआधी परत आलात तर मान्यताप्राप्त प्रशिक्षण संस्था तुमचा अनुभव आणि गेलेला काळ पाहून किती सराव हवा ते ठरवते, तो करायचा आणि मग चेक द्यायचा.

इथे मी पैसे वाचवायला गेलो. सराव आणि चेक, दोन्ही एका इंजिनाच्या विमानावर केलं, कारण दोन इंजिनांचं विमान तासाला कितीतरी महाग पडतं. आयआर ते आयआर, असं मी धरून चाललो. तसं नसतं. एका इंजिनावर चेक दिला तर रेटिंगही एका इंजिनापुरतं मिळतं. पेपरांची मुदत त्यानं पुढे गेली, तेवढा फायदा झाला. पण एअरलाइनच्या अर्जात मल्टी-इंजिन आयआर वैध आहे का, हा रकाना असतो, आणि तो माझा रिकामाच राहिला. दोन इंजिनांचं क्लास रेटिंग आणि त्यावरचं आयआर यांचा खर्च पुन्हा करावा लागला. आधी एक फोन करून परीक्षकाला विचारलं असतं तर एकाच चेकमध्ये सगळं झालं असतं.

दोन इंजिनांच्या विमानावरच्या चेकमध्ये मी एका भागात नापास झालो. कॉर्कचा विमानतळ टेकडीवर आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे 500 फुटांवर, आणि खालचे ढग ही तिथली रोजची गोष्ट. परीक्षकानं एक इंजिन निकामी झाल्याचा आभास केला आणि त्याच स्थितीत अप्रोच, म्हणजे उतरण्यासाठी धावपट्टीकडे येणं, करायला सांगितलं. विमान एका बाजूला ओढतं, ते रडरनं धरायचं, दिशा, वेग आणि उतार एकाच वेळी सांभाळायचे. ठरलेल्या किमान उंचीला धावपट्टी दिसली नाही तर तिथेच गो-अराउंड, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर जायचं. या क्षणी वरच्या बाजूला 50 फुटांची सवलत असते, खालच्या बाजूला शून्य. मी दिशा धरण्यात इतका गुंतलो की ती उंची ओलांडून खाली गेलो आणि मग पॉवर दिली. बाकीचे भाग पास होते, म्हणून तेवढा भागच पुन्हा द्यावा लागला. सराव करून तो दिला आणि सुटला.

नापास झाल्याचं मला वाईट वाटलं नाही. उलट त्याच दिवशी मला पटलं की वर्षाची मुदत हा कागदी जाच नाही. 1954 मध्ये इलिनॉय विद्यापीठात उपकरणांवर उडण्याचा अनुभव नसलेल्या 20 जणांना ढगात असल्यासारख्या स्थितीत उडवून पाहिलं होतं. विसाच्या वीस जणांचा विमानावरचा ताबा सुटला, सरासरी 178 सेकंदांत. बाहेरचं क्षितिज दिसेनासं झालं की कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा खोटं सांगू लागते. विमान वळत असतं आणि शरीर सरळ चाललोय म्हणून शपथ घेतं. तिच्यावर विश्वास न ठेवता सुयांवर ठेवणं हे शिकून येतं आणि सराव सुटला की जातं. माझं कौशल्य गेलं होतं. मला ते कळलंही नव्हतं, कारण जमिनीवर बसून ते कळत नाही.

तुम्ही असा चेक देणार असाल तर त्याचा आराखडा ठरवतानाही पाहून घ्या: त्यात एक अप्रोच आरएनपी पद्धतीचा, म्हणजे उपग्रहाच्या आधारानं होणारा, नसेल तर त्या पद्धतीनं उडण्याची मुभा राहत नाही. परीक्षकानं सही केली की टेबलावरून उठण्याआधी पान वाचा: रेटिंगचं नाव, इंजिनं एक की दोन, तारीख. मुदत महिन्याच्या अखेरीला संपते, चेकच्या दिवशी नाही. आता मी हे करतो, आणि तारीख बाबांनाही कळवतो. ती त्यांच्या डायरीत त्यांच्या स्वतःच्या लायसनच्या तारखेखाली लिहिलेली आहे.

सध्या मी पुन्हा फर्स्ट ऑफिसर आहे. कॅप्टनच्या जागेला मला माझ्या बरोबरीच्यांपेक्षा काही वर्षं उशीर होणार आहे.

बारामती, गोंदिया, धुळे इथे विमान उडवायला शिकून नोकरीची वाट पाहत बसलेल्या मुलामुलींना आणि त्यांच्या आईवडिलांना माझी विनंती आहे. ऑक्टोबर 2023 पासून भारतात सीपीएल आणि एटीपीएलची मुदत पाचवरून दहा वर्षं झाली आहे. इन्स्ट्रुमेंट रेटिंगची मुदत मात्र बारा महिनेच आहे. कोणी सांगितलं म्हणून नाही, स्वतः लायसन उघडून ती तारीख आज पाहा आणि घरातल्या आणखी एका माणसाला सांगून ठेवा.