परतीची वाट

निवृत्त माणसाजवळ दोन गोष्टी विपुल असतात : वेळ आणि सल्ला. त्यांतली दुसरी मी न मागता नातीला दिली आणि तिची किंमत तिच्या सवंगड्यांना मोजावी लागली.

नात इंदूरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकते. कोईमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर होणाऱ्या 'फॉर्म्युला भारत' स्पर्धेसाठी तिथल्या मुलामुलींनी एका चालकापुरती शर्यतीची मोटार बांधली. इंजिन मोटारसायकलचे, ३७३ घनसेंटीमीटरचे; सांगाडा पोलादी नळ्यांचा. वायरिंग नातीकडे. अशा स्पर्धांत गाडी स्वतःच्याच स्टार्टरने सुरू व्हावी लागते. ढकलून किंवा बाहेरची बॅटरी जोडून चालत नाही. आमच्या काळी अँबॅसॅडर हटून बसली की हँडल मारून तिची समजूत काढता येई. इथे ती सोय नव्हती.

बटण दाबले की रिले 'टक्' करी, इंजिन एकदा कण्हे आणि गप्प बसे. "बॅटरी गेली," मी घरबसल्या निदान केले. गिरणीच्या विद्युत विभागात उभे आयुष्य काढलेल्या माणसाच्या शब्दाला वजन असतेच. मुलांनी वर्गणी काढून नवी बॅटरी आणली. गाडी पुन्हा नुसतीच कण्हली. आता सारा दोष नातीच्या माथी आला.

"आबा, वायरिंग दुसऱ्या कुणाला तरी देणार आहेत," रात्री ती म्हणाली. मला घास गिळवेना.

दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर शेडमध्ये गेलो. तिच्या हातातला मल्टीमीटर घ्यायला माझा हात आपसूक पुढे झाला. तिने तो दिला नाही. मी मुकाट्याने स्टुलावर बसलो.

बटणाची बारीक तार स्टार्टरला वीज पुरवत नाही; ती केवळ रिलेला जागे करते. रिले जागा झाला की जाड केबलमधून प्रवाह स्टार्टरकडे धावतो. ही जाणारी केबल तिने उत्तम ओढली होती. तिने मल्टीमीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला लावले, दुसरे इंजिनाच्या अंगाला, आणि मित्राला बटण दाबायला सांगितले. तिथे शून्याच्या जवळपास आकडा हवा. आला चार व्होल्ट! बाराच्या बॅटरीतले चार व्होल्ट परतीच्या वाटेवरच खर्ची पडत होते.

परतणारा प्रवाह सांगाड्यातून येत होता, आणि सांगाड्यावर मुलांनी हौसेने सुरेख पावडर-कोटिंग केले होते. रंगातून वीज वाहत नाही. बोल्टाच्या आट्यांना जेवढा धातू भिडेल, तेवढीच तिला वाट.

तिने जोडाजवळचा रंग चकचकीत धातू दिसेपर्यंत खरवडला. इंजिनापासून थेट बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत जाड केबल ओढली. पुन्हा बटण दाबले. आकडा ०.२ वर आला, पण तो पाहायला कुणी थांबलेच नाही. इंजिन गरजत होते.

गलका ओसरल्यावर ती सर्वांसमोर म्हणाली, "अर्थिंगची चूक माझीच होती." कुणी तिला तसे म्हणायला लावले नव्हते. इतका वेळ माझ्या घशात अडकलेले वाक्य मग मलाही सापडले : "आणि बॅटरीची माझी."

बॅटरीचे पैसे मी देऊ केले. ते घेताना मुलांनी फार संकोच केला; सल्ला घेताना मुळीच केला नव्हता.